आधी धडधड की आधी भीती?

प्रश्न : मुलाखतीला गेलो की बाहेरच्या बाकावर बसल्यापासूनच छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, घशाला कोरड पडते. मानसशास्त्र शिकणारी धाकटी बहीण म्हणते, "दादा, तू घाबरलास म्हणून धडधडत नाही, धडधडतंय म्हणून घाबरतोस." हे खरं का? आणि खरं असलं तरी मला त्याचा उपयोग काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची बहीण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांची बाजू मांडते आहे. १८८४ मध्ये त्यांनी लिहिलं की अस्वल दिसतं, आपण पळतो, आणि त्या पळणाऱ्या, थरथरणाऱ्या शरीराची जाणीव म्हणजेच भीती. पुढच्याच वर्षी डेन्मार्कचे कार्ल लांग यांनी रक्तवाहिन्यांमधल्या बदलांवर भर देत जवळपास हेच मांडलं. आपल्याला हे चटकन पटतं, कारण मराठीत भावना अंगातच घडतात : पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, तळपायाची आग मस्तकात जाते.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांना ते पटलं नाही. धडधड तापातही होते, रागातही आणि आनंदातही. मग नुसत्या धडधडीवरून ही भीतीच, हे कसं ओळखायचं? शिवाय आतडी, जठर हे अवयव सावकाश हलतात, भीती मात्र क्षणात वाटते. त्यांनी मांजरांची सिम्पथेटिक मज्जासंस्था, म्हणजे धडधड, घाम असे बदल घडवणारं मज्जातंतूंचं जाळं, शस्त्रक्रियेनं काढून टाकली. तरीही कुत्रा भुंकला की ती मांजरं फिस्कारायची, कान मागे पाडायची, दात दाखवायची, पंजा उगारायची. अंगावरचे केस तेवढे उभे राहत नव्हते.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो तो १९६२ चा शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग. मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना दृष्टीवर परिणाम करणारं जीवनसत्त्व म्हणून इंजेक्शन दिलं. प्रत्यक्षात बहुतेकांना ते होतं अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे धडधड वाढवणारं संप्रेरक; काहींना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी. अ‍ॅड्रेनलिन घेतलेल्यांपैकी काहींना खरे परिणाम सांगितले : हात थरथरतील, छाती धडधडेल, चेहरा तापेल. काहींना काहीच सांगितलं नाही. मग शेजारी एक 'सहभागी' आणून बसवला, तो प्रयोगकर्त्यांचाच माणूस. एका खोलीत तो कागदाची विमानं उडवत होता, दुसऱ्या खोलीत उद्धट प्रश्नावलीवर चिडून ती फाडत होता. धडधडीचं कारण ठाऊक नसलेल्यांवर त्याच्या मूडचा रंग जास्त चढला. ठाऊक असलेल्यांनी धडधड औषधाच्या खात्यावर टाकली आणि ते बरेचसे शांत राहिले. म्हणजे शरीर फक्त जोर पुरवतं. त्याला नाव आपण आजूबाजूला पाहून देतो.

या प्रयोगाचा कच्चा भागही सांगायला हवा, कारण पाठ्यपुस्तकं तो बऱ्याचदा गाळतात. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले आणि अ‍ॅड्रेनलिन देऊनही खरे परिणाम न सांगितलेले, या दोन गटांतला फरक स्पष्ट निघाला नव्हता. १९७९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी असेच प्रयोग केले, तेव्हा कारण न कळलेली धडधड आनंदाकडे नव्हे, अस्वस्थतेकडेच झुकलेली दिसली. म्हणून 'हवं ते नाव द्या, तीच भावना होईल' असं कुणी सांगितलं तर मानू नका.

तरी उपयोग आहे. बाकावर बसल्यावर आधी धडधडीची दुसरी कारणं मोजा : जिने चढून आलात का, चहा किती झाला, सकाळपासून पोटात काही आहे का. उरलेल्या धडधडीला "शांत हो" म्हणू नका. जोरात चाललेलं हृदय हुकमावर मंदावत नाही. त्याऐवजी "मी उत्सुक आहे" असं स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हणा. उत्सुकतेतही छाती अशीच धडधडते, त्यामुळे शरीराशी भांडावं लागत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांची भाषणं "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस झाली. मात्र धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, कळ डाव्या हातात जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर सिद्धांत बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

प्रश्न : सकाळी घाईत तीन कप चहा होतो, पूल चढून लोकल पकडते आणि ऑफिसात शिरताच कुणावर तरी खेकसते. स्वभावच असा झालाय का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्वभावाला इतक्यात दोष देऊ नका. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं, की व्यायामानं चढलेली उत्तेजना पूर्ण उतरायच्या आत कुणी डिवचलं तर राग जास्त येतो. दम लागलेला असताना हे घडत नाही, कारण तेव्हा कारण समोर असतं. धोका त्यानंतरच्या काही मिनिटांत असतो : आपल्याला वाटतं शांत झालो, शरीर मात्र अजून तापलेलं असतं. त्यात चहाची भर. प्रौढांच्या शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात.

ऑफिसात पोचल्यावर दहा मिनिटं कुणाच्या चुकीवर बोलू नका. पाणी प्या, मेल नुसते वाचा. चहा एकदम सोडू नका, डोकं दुखेल आणि चिडचिड उलट वाढेल. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करा.

प्रश्न : आम्ही हौशी नाटकवाले. रडण्याचा प्रसंग केला की नंतरही मन जड राहतं. खोटं रडून खरं दुःख येतं का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : थोडंसं येऊ शकतं. १९८८ मध्ये दातांत पेन धरून चेहरा हसरा करायला लावलेल्या लोकांना व्यंगचित्रं अधिक गमतीदार वाटली होती. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तेच करून पाहिलं, तेव्हा तो परिणाम सापडला नाही. २०२२ च्या १९ देशांतल्या मोठ्या अभ्यासात मात्र मुद्दाम हसल्यानं आनंद किंचित वाढलेला दिसला. किंचितच.

अभिनयात नुसता चेहरा नसतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव आठवा : स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज फुटणं), वेपथू (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). मन एकाग्र झाल्याशिवाय ते उमटत नाहीत, असं ते म्हणतात. (तिथला विषय प्रेक्षकाला नाटकातून मिळणारा आस्वाद, म्हणजे रस आहे, रोजच्या भावनांची उत्पत्ती नव्हे, दोन्हींची सरमिसळ नको.) तुम्ही श्वास, आवाज, आठवण, सगळंच त्या प्रसंगात ओतता, म्हणून पडदा पडल्यावरही शरीर तिथेच रेंगाळतं. मेकअप उतरवा, तोंड धुवा, थोडं चाला. आणि प्रयोगाच्या चुका काढायची बैठक त्याच रात्री विंगेत नको, दुसऱ्या दिवशी घ्या.