क्शिझोवाला जाताय? आधी जुनं नाव पाठ करा
अहो, पोलंडमध्ये क्शिझोवा नावाची गावं एकाहून जास्त आहेत. तुम्हाला हवंय ते नैऋत्येकडच्या श्विदनित्सा शहराजवळचं. १९४५ पर्यंत हा भाग जर्मनीत होता, म्हणून त्याआधीच्या नकाशांत ते 'क्रायझाउ' म्हणून सापडेल. मोल्टके या जर्मन सरदार घराण्याचा वाडा सगळेच बघतात. तुम्ही मात्र चढावरच्या त्या साध्या घरापर्यंत चालत जाच. हिटलरनंतरचा जर्मनी कसा असावा, यावर १९४२-४३ मध्ये तिथे तीन गुप्त बैठका झाल्या. त्या भरवणाऱ्या हेल्मुट जेम्स फॉन मोल्टकेला पुढे नाझींनी फाशी दिली. त्याची पत्रं बायकोने, फ्रेयाने, चक्क मधमाश्यांच्या पेट्यांत लपवली होती!

आणि हो, गावातल्या आजीबाईंना 'हे घर जर्मनांचं ना?' असं तोंडावर विचारू नका. युद्धानंतर इथे आलेल्यांपैकी कित्येक पोलिश लोकांचं स्वतःचं घरदार पूर्वेकडे, सोव्हिएत संघात गेलेल्या भागात सुटलेलं. आधी 'तुमचं मूळ गाव कोणतं?' विचारा.