सोलापूरमध्ये जपानी मॅपल कुंडीत जगेल का? ऑनलाइन रोप 1800 रुपयांना मिळतंय, घ्यावं का?

एक उन्हाळा काढेल, दुसऱ्याची हमी मी देणार नाही. पण ‘सोलापूरच्या उन्हात मरतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. चार वर्षं मी घरात तेच ऐकतोय.

माझं रोप कालिम्पोंगहून आलेलं, दीड फुटी, कलमी, नोव्हेंबरात. आपल्या काळ्या चुनखडीच्या मातीत पानं पिवळी पडतात, म्हणून कुंडीत कोकोपीट, पानांचं खत आणि भरड वाळू. जागा पूर्वेची, कडुलिंबाखाली, वर हिरवी जाळी. नऊनंतर उन्हाचा कवडसा नाही. एप्रिलात पारा 42 वर गेला तेव्हाही पानं लाल होती, टोकं जरा करपली एवढंच. गल्लीतली माणसं फोटो काढायला यायची हो!

मे महिन्यात आम्ही अठरा दिवस नाशिकला मुलीकडे गेलो. मेहुणे दोन गल्ल्या सोडून राहतात, पाण्याचं त्यांना सांगितलं. परत येऊन बघतो तर पानांच्या कडा जळक्या पापडासारख्या आणि मातीवर पांढरा थर. विचारलं तर म्हणाले, “रोज न चुकता घातलं दाजी, तेही फिल्टरचं!”

फिल्टरचं म्हणजे फिल्टरने टाकून दिलेलं. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, बाकी कारभार बोअरवर, त्यामुळे आरओची नळी बादलीत सोडायची सवय घरोघरी आहे. फरशी पुसायला झकास. पण बोअरचे क्षार सगळे त्याच बादलीत जमतात. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून बघितला, आकडा बोअरच्या दीडपट. मॅपलच्या मुळांना क्षार अजिबात सोसत नाहीत. मृगाचा पाऊस आला तोवर कुंडीत नुसती काडी होती.

बायको म्हणते, माझ्या भावाने उन्हातान्हात अठरा दिवस खेपा घातल्या त्याचं काही नाही. मेहुणे म्हणतात, जपानी झाड, मरायचंच होतं. मग एप्रिलात का नाही मेलं? याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तेव्हा पाणी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं, दुसरं नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते. पानं गाळून काही आठवडे 7 अंशांच्या खालची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपुरता स्वेटर निघतो. माझ्या रोपाने त्या हिवाळ्यात सगळी पानं टाकलीच नाहीत, आणि फेब्रुवारीची पालवी बारीक आली. म्हणजे दोन-तीन वर्षांत थकलंच असतं. पण त्या जूनमध्ये मेलं ते पाण्याने.

1800 रुपये कलमी रोपाचेच असतील तर बघा, कलमाची गाठ दिसेल असा फोटो मागवा. निळ्या मॅपलच्या बिया विकतात त्या मुळीच घेऊ नका, निळा मॅपल जगात नाही. जागा ऐसपैस असेल तर कुसुमाचं झाड (कोशिंब) लावा, नवी पालवी लालभडक येते. देशी बदामाचीही पानं गळताना लाल होतात, असं आमच्या घरात सुचवलं जातं. ते मॅपल नव्हे.

त्या कुंडीत आता कढीपत्ता आहे. मेहुणे आले की बादलीतलं पाणी त्याला घालतात आणि तो किती तरारलाय ते मला बोलावून दाखवतात.