शनिवारी दुखणारं पोट

“मॅडम, हे चार आहेत. कुठलं करायचं ते तुम्हीच सांगा, म्हणजे आमच्या ग्रुपवरचं भांडण तरी मिटेल.”

मुलीसाठी सल्ला घ्यायला आलेल्या आईंनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. रोबोटिक्स स्पर्धांची चार पोस्टरं. चारही निळी, चारहींवर तोच गोल डोक्याचा पांढरा रोबो, जो यातल्या एकाही स्पर्धेत कधी उतरत नाही. एक वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडची प्रादेशिक फेरी, मुंबईच्या बाजूला. एक फर्स्ट लेगो लीगची, पुण्याला, थंडीत. तिसरी आपल्या नाशिकमधल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजची, यंदा पहिलंच वर्ष. आणि चौथी दिवाळीच्या सुट्टीत, परराज्यातल्या हॉटेलात, ‘नॅशनल लेव्हल’. माणशी साडेचार हजार, सोबतच्या पालकांचे वेगळे.

मुलगी आठवीतली. इंदिरानगरच्या एका सोसायटीतल्या पाच मुलांची टीम, शाळा दोन वेगवेगळ्या. त्यातल्या एकाच्या वडिलांचं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्यांनी मागच्या शेडमध्ये अख्खी प्लायशीट टाकून, कडेनं पट्ट्या ठोकून, आठ बाय चारचं टेबल करून दिलेलं. दर शनिवारी दुपारी तिथे सराव. (सगळ्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी मात्र आलीच नव्हती. “तिचं पोट दुखतंय,” बाबा म्हणाले. “डॉक्टरांना दाखवलंय, काही निघालं नाही.” मी सवयीनं विचारलं, कधीपासून दुखतंय, कुठल्या वेळी दुखतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. महिनाभर झाला असेल. शनिवारी सकाळी. आम्ही बसलो होतो तो वारही शनिवारच होता.

स्पर्धा कुठली निवडावी, आणि सगळ्या नाही केल्या तर मूल मागे पडेल का, हा प्रश्न हल्ली माझ्याकडे फार येतो. पूर्वी तो नाच आणि चित्रकलेच्या परीक्षांबद्दल यायचा. 2016 नंतर केंद्र सरकारच्या योजनेतून शाळांत अटल टिंकरिंग लॅब नावाच्या प्रयोगशाळा आल्या, एकेका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळालं, सहावीपासूनच्या मुलांच्या हाती मोटरी आणि सेन्सर आले. टीम वाढल्या तशा स्पर्धाही वाढल्या. काही मनापासून भरवलेल्या, काही किट खपवण्यासाठी भरवलेल्या. पोस्टर दोन्हींचं सारखंच दिसतं, त्यामुळे मी पोस्टर बघतच नाही. नियमपुस्तिका मागते.

पुढच्या बुधवारी पाचही मुलांना बोलावलं. पालक बाहेर, रोबो आत. रोबोचं नाव ठेंगू. एका जुन्या मिठाईच्या खोक्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता. त्याच्या पुढे बसवायचे चार वेगवेगळे हात, म्हणजे यांच्या भाषेत अटॅचमेंट, वेगळ्या डब्यात. ते सगळे या मुलीनं केलेले. तिनं मला एक हात लावून दाखवला. रबर बँडच्या ताणावर झडप बंद होते आणि ठोकळा आत अडकतो. “मोटर नाही लागत याला,” ती म्हणाली. एवढं बोलली आणि गप्प झाली.

मी चारही स्पर्धांचे नियम मागवून ठेवले होते. म्हणजे तीन स्पर्धांचे मिळाले होते, चौथीचं पुढे सांगते. एकेकाच्या हातात एकेक दिलं आणि म्हटलं, वाचा, आणि यात आपल्याला काय काय करावं लागेल ते सांगा. ऑलिंपियाडचे कागद टीममधल्या धाकट्याकडे गेले. तो सहावीतला, घोकल्यासारखा मोठ्यानं वाचणारा. रोबो सुरुवातीला 250 मिलिमीटरच्या चौकोनात बसला पाहिजे. स्पर्धा चालू असताना कोचनं रोबोला हात लावायचा नाही. टीममध्ये दोन किंवा तीन स्पर्धक.

तो थांबला. “तीन?”

“आम्हाला माहितेय ते,” मुलगी म्हणाली. बोटाला रबर बँड गुंडाळत होती, टोक पांढरं पडेपर्यंत.

मग हळूहळू बाहेर आलं. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, कोडिंगवाले दोघे फिक्स धरू, तिसऱ्या जागेसाठी दोघी मुलींची सिलेक्शन टेस्ट घेऊ, धाकटा पुढच्या वर्षी. आईच्या फोनवर तिनं ते वाचलं होतं. दुसरी मुलगी म्हणजे तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिनंही वाचलं होतं. दोघी एकमेकींशी त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या आणि दर शनिवारी एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहत होत्या.

पोट दुखायला एवढं पुरे होतं.

पालक या बाबतीत वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. ग्रुपवर रात्री साठ-सत्तर मेसेज पडत होते. प्रवास, फी, युनिट टेस्ट, कुठलं सर्टिफिकेट ‘चालतं’. त्या गर्दीत सिलेक्शन टेस्टची ओळ त्यांच्या लेखी एक व्यवस्था होती. स्पर्धा निवडली की टीमचा आकारही त्याबरोबर निवडला जातो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ऑलिंपियाडनं तिघांची मर्यादा घातली यात त्यांचं काही चुकलेलं नाही. तिघांनी मिळून पक्कं काम करावं अशी ती रचना आहे आणि ज्यांची टीम मुळात तिघांची आहे त्यांना ती छान जमते. फर्स्ट लेगो लीगमध्ये दहा जणांपर्यंत चालतात. तिथे टेबलावर अडीच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात, सर्वांत चांगली ती धरतात, आणि तरी टेबलावरच्या गुणांचा वाटा एकूण चारांतला एकच. बाकीचे तीन वाटे रोबो कसा बांधला, प्रकल्प काय केला आणि मुलं आपसात कशी वागली याचे. परीक्षक मुलांना खोलीत बसवून विचारतात, हा हात असा का केला? रबर बँडवाल्या मुलीला हे पहिल्यांदाच कळलं. “म्हणजे मला बोलता येईल?” तिनं विचारलं. बोलता येईल कसलं, बोलावंच लागेल.

3 आणि 2 अशा दोन टीम करता आल्या असत्या. पण ठेंगू एकच होता.

आता चौथी स्पर्धा. मी स्वतः फोन करणार होते, पण मग म्हटलं, मुलांनाच करू दे. त्यांनी वहीत प्रश्न लिहून काढले. प्रश्न त्यांचेच आहेत, मी फक्त क्रम लावला. मॅट, म्हणजे रोबो जिच्यावर चालतो ती छापील चटई, कशी आहे आणि तिची प्रिंट आधी मिळेल का? एका टीमला किती रन, म्हणजे रोबो चालवायच्या किती संधी? दोन रनच्या मध्ये रोबो दुरुस्त करायला वेळ आणि टेबल मिळेल का? चार्जिंगचे पॉइंट कुठे? परीक्षक कोण, आणि ते आमच्याशी बोलणार का? शेवटचा प्रश्न धाकट्याचा: जेवणाची सुट्टी कधी?

फोन स्पीकरवर. पलीकडच्या बाईंचा आवाज गोड. “बेटा, रूलबुक फी भरल्यावर पाठवतो. काळजी करू नका, प्रत्येक पार्टिसिपंटला मेडल आहे.”

फोन ठेवल्यावर धाकटा म्हणाला, “मग हरायचं कसं?”

त्या स्पर्धेचा विषय तिथेच संपला. मला काही बोलावंच लागलं नाही.

नाशिकच्या नव्या स्पर्धेला लावलेला फोन अगदी उलटा गेला. तिकडे एक तरुण प्राध्यापक होते. आधी हसले, मग तिसऱ्या प्रश्नाला अडखळले. “प्रॅक्टिस टेबलचं आम्ही अजून ठरवलेलं नाहीये. पण बरं झालं विचारलंत. उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच फोन केला, एक टेबल सरावासाठी वेगळं ठेवतोय म्हणाले. नव्या स्पर्धेला जावं की नाही, असं पालक विचारतात तेव्हा मला हे प्राध्यापक आठवतात. मागच्या वर्षीचा निकाल दाखवायला नव्या आयोजकाकडे काहीच नसतं. पण ‘अजून ठरलं नाही’ असं सांगून दुसऱ्या दिवशी फोन करणारा माणूस असेल तर पहिलं वर्ष मला चालतं. टीम कमी असतात, टेबल जास्त वेळ मिळतं, आणि घरचं जेवण.

अंतराचं गणितही मुलांनीच केलं. पुण्याला सकाळी आठचं रिपोर्टिंग म्हणजे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दोनशेच्या वर किलोमीटर. पहाटे तीनला निघा नाहीतर आदल्या रात्री मुक्काम. नाशिकहून पुण्याला थेट रेल्वेमार्ग नाही. मुंबईला पंचवटी एक्सप्रेस धरली तरी पोचेपर्यंत दहा वाजून जातात. मग त्यांनी कॅलेंडरवर शनिवार मोजले. गणपती, सहामाही आणि दिवाळी वजा केली तर पुण्यापर्यंत त्यांच्या हाती अकरा शनिवार उरत होते. कोडिंगवाला मोठा मुलगा, ज्याच्या वडिलांचं वर्कशॉप, तो म्हणाला, प्रत्येक स्पर्धेची मॅट वेगळी, म्हणजे कोड पहिल्यापासून. दोन स्पर्धा झेपतील. तीन नाही.

दोन कुठल्या, यावर मात्र तोच अडला. त्याला ऑलिंपियाड हवं होतं. त्याचं कारण खरं होतं: ऐन स्पर्धेच्या दिवशी आयत्या वेळचा नियम जाहीर होऊ शकतो आणि जागेवर कोड बदलावा लागतो, यातच त्याला मजा वाटत होती. मतदान झालं, 4 विरुद्ध 1. नाशिक सप्टेंबरात, पुणे थंडीत. तो काही बोलला नाही, पण ठेंगूला खोक्यात ठेवताना टॉवेल गुंडाळायचा राहिला.

पालकांची बैठक जास्त कठीण गेली. तिथे प्रमाणपत्राचा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. मी सरळ सांगितलं: जेईई असो की एमएचटी-सीईटी, तिथल्या गुणांत रोबोटिक्सच्या मेडलचा एकही गुण मिळवला जात नाही. परदेशी अर्ज करणाऱ्याला अशा कामाचा उपयोग होतो, पण तिथेही ‘तू काय केलंस’ असं विचारतात आणि मूल तीन मिनिटं न थांबता बोललं तर उपयोग. कॉलेजात गेल्यावर तिथल्या मुलांसाठीच्या रोबो-स्पर्धा आहेतच, आयआयटी मुंबईचं ई-यंत्र आहे, रोबोकॉन आहे. आठवीत सगळं उरकायची घाई कसली?

रोबोकॉनचं नाव निघाल्यावर मुलीचे बाबा खुलले. 2008 साली आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा ते इंजिनिअरिंगला होते. मित्रांबरोबर बालेवाडीला गेले होते. दहीहंडीवर बेतलेली ‘गोविंदा’ थीम होती. “चीनची टीम जिंकली. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो,” म्हणाले. मी विचारलं, सर्टिफिकेट मिळालं? ते हसले. वर्कशॉपवाले काका मात्र हसले नाहीत. मुलाला हवी ती स्पर्धा मिळाली नाही याची त्यांना रुखरुख होती, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. टेबल त्यांच्या शेडमधलं, प्लाय त्यांची. सिलेक्शन टेस्टचा मेसेज ज्यांनी टाकला होता त्यांनी तिथल्या तिथे दोघी मुलींची माफी मागितली. मला त्याची अपेक्षा नव्हती.

नाशिकची स्पर्धा कशी झाली? दोन तास उशिरा सुरू झाली. हॉलच्या पश्चिमेला मोठ्या खिडक्या, आणि दुपारी मॅटवर तिरकं ऊन. शेडच्या ट्यूबलाइटखाली काळी रेघ अचूक धरणारा ठेंगू पहिल्या रनला रेघ सोडून भलतीकडे गेला आणि पट्टीला धडकून गुरगुरत राहिला. शून्य. सरावाच्या टेबलावर जाऊन त्यांनी सेन्सरचं काळं-पांढरं पुन्हा मोजून घेतलं. तेवढ्यात मुलीनं कार्डबोर्डचा तुकडा कापून सेन्सरभोवती छोटीशी छत्री केली. दुसऱ्या रनला पाचपैकी तीन मिशन, म्हणजे नेमून दिलेली कामं, जमली. 11 टीममध्ये सहावे आले. प्राध्यापकांनी त्या छत्रीचा फोटो काढून घेतला, पुढच्या वर्षी खिडक्यांना पडदे लावतो म्हणाले.

पोटाचं आईंनी नंतर फोनवर सांगितलं. एका शनिवारी पुन्हा दुखलं. पण आदल्या दिवशी दोघी मैत्रिणींनी पैज लावून तिखट रश्श्याची मिसळ खाल्ली होती, त्यामुळे आम्ही ते धरलं नाही.

जानेवारीत तो कोडिंगवाला मुलगा एकटाच माझ्याकडे आला. ऑलिंपियाडचे नव्या हंगामाचे नियम प्रिंट काढून, पेननं खुणा करून आणले होते.

“मॅम, तिघं लागतात. कुणाला घ्यायचं ते मला ठरवायचं नाहीये.”

“मग?”

“ग्रुपवर टाकलंय. आमच्या ग्रुपवर, पालकांच्या नाही. ज्याला यायचंय त्यानं सांगा म्हणून.”

“आलं कुणाचं उत्तर?”

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. एकच मेसेज होता, रबर बँडवाल्या मुलीचा. ‘मी येते. पण ठेंगू मोडायचा नाही, नवा बांधू.’