कॉलेज फुटबॉल टीमने नव्या ट्रेनिंग फॅसिलिटीवर पैसे घालावेत का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की त्यांची मुलगी अमेरिकेत एका मधल्या फळीतल्या सरकारी विद्यापीठात शिकते, तिथे फुटबॉल टीमसाठी नवीन ट्रेनिंग बिल्डिंग बांधायचा घाट घातलाय, आणि त्यापायी सगळ्याच विद्यार्थ्यांच्या फीमध्ये वाढ होणार असं कानावर येतंय, तर हे योग्य आहे का. माझं सरळ उत्तर, फी वाढवून किंवा कर्ज काढून बांधणार असतील तर नको. एखादा धनाढ्य माजी विद्यार्थी सगळे पैसे देत असेल तर ठीक, पण त्यालाही विचारा की पुढची तीस वर्षं वीजबिल आणि मेंटेनन्स कोण भरणार.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ओहायोत असतो, एसी आणि व्हेंटिलेशनचं डिझाइन करतो, आणि कॉलेजांच्या जिम, लॉकर रूम, इनडोअर प्रॅक्टिस हॉल अशी बरीच कामं हाताखालून गेलीत. थोडक्यात या बिल्डिंगांवर माझं घर चालतं, तरी नको म्हणतोय.

आधी हे वेड आलं कुठून ते बघा (फुटबॉल म्हणजे अर्थात इकडचा हेल्मेटवाला, आपला पायाने खेळायचा नाही). २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला स्कॉलरशिप आणि थोडाफार राहण्याखाण्याचा खर्च सोडून पैसे द्यायला बंदी होती. टीव्हीचे पैसे मात्र धो धो येत होते. मग ते जिरवायचे कुठे, तर कोचचे पगार आणि बिल्डिंगा. सतरा वर्षांचं पोरगं आईबापांबरोबर कॅम्पस बघायला आलं की त्याचे डोळे दिपले पाहिजेत, एवढाच हिशोब. ओरेगन विद्यापीठाने २०१३ मध्ये नायकी कंपनीचा संस्थापक फिल नाइटच्या पैशातून जे कॉम्प्लेक्स उभारलं त्याचा खर्च ६.८ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या, आत न्हाव्याचं दुकानसुद्धा आहे. क्लेमसन विद्यापीठाचं २०१७ चं ५.५ कोटींचं, त्यात घसरगुंडी, मिनी गोल्फ, बोलिंग, झोपायची वेगळी खोली. आपल्याकडे नॅकची कमिटी येणार म्हटलं की कॉलेजला रातोरात रंग लागतो आणि कुंड्या येतात ना, तोच प्रकार, फक्त इथे कमिटी म्हणजे बारावीतला मुलगा आणि कुंड्यांच्या जागी घसरगुंडी. आणि खरं सांगायचं तर त्या काळात ते तितकंसं येडेपणाचंही नव्हतं, पगार देता येत नाही तर निदान चैन द्या.

पण आता तो खेळच बदललाय. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. मग ट्रान्सफरचे नियम सैल झाले, आता मुलगा एका वर्षात बॅग भरून दुसऱ्या कॉलेजात जातो आणि लगेच खेळतोही. आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने हाऊस केसमधली (खेळाडूंनी मोबदल्यासाठी केलेला खटला) तडजोड मंजूर केली, तेव्हापासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २.०५ कोटी डॉलर, सगळे खेळ मिळून. म्हणजे आता मुलगा घसरगुंडी बघून जातो आणि गाडीत बसल्यावर वडिलांना विचारतो, किती देतायत? जे कॉलेज तुमच्या मुलीच्या कॉलेजसारखं मधल्या फळीतलं आहे त्याला तर ही मर्यादा गाठणंसुद्धा झेपत नाही, तिथे बिल्डिंगच्या कर्जाचा हप्ता म्हणजे खेळाडूंच्याच ताटातलं काढून घेणं.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या टीमचं बघा. २००६ आणि २००८ ला नॅशनल चॅम्पियन झाले तेव्हा त्यांच्याकडे साधा इनडोअर प्रॅक्टिस हॉलसुद्धा नव्हता, तो २०१५ ला आला. २०२२ मध्ये ८.५ कोटी डॉलरचं नवं कोरं फुटबॉल सेंटर उघडलं आणि त्या सीझनला रेकॉर्ड ६-७, म्हणजे सहा जिंकल्या, सात हरल्या, पुढच्या सीझनला ५-७. उलट इंडियाना विद्यापीठ, जन्माचे हरणारे, २०२३ ला ३-९, कर्ट सिग्नेटी नावाचा कोच आला, येताना आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन कॉलेजातले डझनभर खेळाडू घेऊन आला, आणि २०२४ ला ११-२ आणि थेट प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्या. स्टेडियम तेच. २०२५ ला तर बिग टेन या त्यांच्या कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या लीगच्या) फायनलला आमच्या ओहायो स्टेटला १३-१० ने हरवलं, आमच्या ऑफिसमध्ये सोमवारी कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. बिल्डिंगमुळे फ्लोरिडा हरली असं मी म्हणत नाही, एवढंच की बिल्डिंगने त्यांना वाचवलंही नाही.

आता दुसरी बाजू, कारण बिल्डिंगने खरंच काम केलं असंही उदाहरण आहे आणि ते माझं आवडतं आहे. बर्मिंगहॅमचं युएबी, म्हणजे अलाबामा विद्यापीठाचं बर्मिंगहॅम कॅम्पस. डिसेंबर २०१४ मध्ये पैसे नाहीत म्हणून त्यांनी फुटबॉल बंदच केला. गावात एवढी बोंब झाली की सहा महिन्यांत निर्णय फिरवावा लागला, पण अट अशी की गावाने पैसे उभे करायचे. गावाने केले. २.२५ कोटी डॉलरमध्ये साधीच पण नीट बिल्डिंग बांधली, आणि शेजारी प्रॅक्टिसच्या मैदानावर नुसतं छप्पर घातलं, बाजूने सगळं उघडं. २०१७ ला टीम परत मैदानात उतरली, ८-५. २०१८ ला कॉन्फरन्स जिंकली. हे का जमलं तर आधी त्यांच्याकडे काहीच धड नव्हतं. शून्यातून एकावर जाण्यात जो फरक पडतो तो नवातून दहावर जाण्यात पडत नाही.

आणि त्या छपराबद्दल मी तासभर बोलू शकतो! इनडोअर हॉल म्हटलं की लोकांना वाटतं मोठी शेड टाकली की झालं. पण पंट मारलेला, म्हणजे लाथेने उंच उडवलेला बॉल दिव्यांना लागू नये म्हणून छत साठ-पासष्ट फुटांवर न्यावं लागतं, एवढी हवा थंड करायची म्हणजे बिलाचा आकडा बघूनच घाम फुटतो, आतलं कृत्रिम गवत साधारण दहा वर्षांनी बदलावं लागतं ते वेगळंच. दक्षिणेत मुख्य त्रास ऊन आणि विजांचा, वीज कडाडली की प्रॅक्टिस थांबवायची आणि शेवटच्या कडकडाटानंतर अर्धा तास कोणी बाहेर पडायचं नाही, परत कडाडली की परत अर्धा तास. त्यामुळे तिकडे नुसतं सावली देणारं छप्पर असलं तरी निम्मं काम होतं, एसी लागत नाही. मिनेसोटा नाहीतर मिशिगनसारख्या थंडीच्या राज्यांत गोष्ट वेगळी, तिथे भिंती हव्यातच. तुमच्या मुलीचं कॉलेज कुठल्या राज्यात आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, त्यावर बरंच अवलंबून आहे.

मी स्वतः बघितलेली एक गोष्ट सांगतो, कॉलेजचं नाव नको. हायड्रोथेरपी रूम, म्हणजे जमिनीत बसवलेले गरम-थंड पाण्याचे स्टीलचे टब. बजेट वाढायला लागलं तेव्हा व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या नावाखाली खर्चाला कात्री लावायला बसले आणि कात्री लागली ती ओल खेचणाऱ्या युनिटला. लॉबीतली भिंतभर व्हिडिओ स्क्रीन राहिली, कारण ती देणगीदाराला दाखवायची होती. दोन-तीन वर्षांत दरवाजांच्या चौकटी खालून गंजल्या, सीलिंगच्या टाइल्स फुगल्या, क्लोरीनचा वास थेट वेट रूमपर्यंत (वजनं उचलायची जिम). ट्रेनर लोक दरवाजाला पंखा लावून बसलेले. नावाची पाटी लावायला देणगीदार रांगेत असतात हो, डिह्युमिडिफायरला कोणी आपल्या वडिलांचं नाव देत नाही.

ऋण काढून सण केला की काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाला विचारा. तिथल्या स्टेडियमच्या खालून चक्क हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची भेग जाते, म्हणजे भूकंपासाठी डागडुजी हवीच होती, त्यात वाद नाही. पण त्याबरोबर मोठं ट्रेनिंग सेंटरही आलं, त्यासाठी ओकची झाडं तोडणार म्हणून लोक पावणेदोन वर्षं झाडांवर राहिले, आणि सगळं मिळून ४४ कोटी डॉलरच्या आसपास कर्ज झालं. प्लॅन असा होता की स्टेडियममधल्या बसायच्या जागा दीर्घ मुदतीवर विकून पैसे येतील. मंदी आली, जागा खपल्या नाहीत. वर्षाला १.८ कोटींच्या घरात नुसते हप्ते, शेवटी २०१८ मध्ये अर्ध्याहून जास्त कर्ज विद्यापीठाने स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

मग पैसे घालायचेच असतील तर कुठे? माझ्या मते आधी मेडिकल बाजूला. मेरीलँड विद्यापीठात २०१७ ला नवा इनडोअर हॉल सुरू झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात, वर्ष व्हायच्या आत, जॉर्डन मॅकनेअर नावाचा १९ वर्षांचा मुलगा मैदानावर पळण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. चौकशीत निघालं की त्याला थंड पाण्यात बसवलंच नाही. बर्फाच्या पाण्याचा टब, बस. अर्ध्या तासाच्या आत अंग थंड केलं तर उष्माघातातला माणूस जवळजवळ नेहमी वाचतो, आणि तो टब काहीशे डॉलरला मिळतो. त्यामुळे टब, उन्हाची तीव्रता मोजायचं यंत्र, पुरेसे ॲथलेटिक ट्रेनर (खेळाडूंची दुखापत-तब्येत बघणारे) आणि प्रॅक्टिस थांबवायचा अधिकार कोचकडे नाही तर त्यांच्याकडे, हे आधी. मग मैदानाचा पृष्ठभाग. मग वेट रूम. लाउंज, व्हिडिओ स्क्रीन वगैरे सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही मुलींच्या टीम्सना काय मिळतंय ते बघा, मुलामुलींना समान संधी द्यायला लावणारा टायटल नाइन कायदा फॅसिलिटीलाही लागू आहे, कॉलेजं हे सोयीस्कर विसरतात.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. सरकारी विद्यापीठ असेल तर ते दर वर्षी एनसीएएला (कॉलेज खेळांची देशपातळीवरची संघटना) जो आर्थिक रिपोर्ट देतात तो बहुतेक राज्यांत पब्लिक रेकॉर्ड म्हणून मागता येतो, खूपशा कॉलेजांचे आकडे नाइट-न्यूहाउसच्या डेटाबेसमध्ये फुकट बघायला मिळतात. त्यात दोनच ओळी बघा, विद्यार्थ्यांच्या फीमधून किती येतंय आणि कर्जाच्या हप्त्यात किती जातंय. काही कॉलेजांत ॲथलेटिक्सची फी वर्षाला हजार डॉलरच्या वर आहे आणि ती भरणाऱ्या पोरांपैकी कित्येकांनी एकही मॅच बघितलेली नसते. हे दोन्ही आकडे आधीच फुगलेले असतील तर मुलीला स्टुडंट गव्हर्नमेंटच्या मीटिंगला जायला सांगा, फीवाढ बऱ्याचदा त्यांच्यासमोर येते, आणि तिथे नवीन बिल्डिंगचा वर्षाचा चालवण्याचा खर्च लेखी मागायला सांगा. बांधायचा नाही, चालवण्याचा.