‘मला तिथे नुसते आकडे भरायला बसवलंय’

मी समुपदेशक आहे. इंटर्नशिपचे महिने सुरू झाले की तेच गाऱ्हाणं माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतं. ‘कंपनीत काही शिकवत नाहीत.’ ‘एक्सेल भरायला बसवलंय.’ ‘प्रोजेक्ट दिलाय, पण नक्की काय करायचं ते कुणी सांगत नाही.’ आणि शेवटी, ‘सगळे महिने फुकट जाणार.’ बोलणारे मेकॅनिकलचे असतात, कॉम्प्युटरचे असतात, सिव्हिलचे असतात. बहुतेक जण चिडलेले असतात. ही चीड मी खोटी मानत नाही, पण तिच्यावर लगेच विश्वासही ठेवत नाही.

हा मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारे दांडे, बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याची सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. काम एकच. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवरून निघालेल्या नगांचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा आणि तक्त्यात भरायचा. “मॅडम, हे बारावीचा मुलगाही करेल,” तो म्हणाला. दोन भेटी याच वाक्याभोवती फिरण्यात गेल्या. मी समजूत घातली नाही. ‘अनुभव तर मिळतोय ना’ हे घरच्यांचं सांगून झालेलं होतं आणि त्याचा उपयोग किती झाला ते दिसतच होतं.

तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, “काल कोणते आकडे भरलेस?”

“पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट आहे. २४.९७९ ते २५.००० मध्ये बसला पाहिजे. म्हणजे सगळा खेळ एकवीस मायक्रॉनचा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा. सुरुवातीला २४.९८४ येतो. मग हळूहळू चढतो, ९८८, ९९३. मग एकदम खाली, परत ९८४. पाळीभर असंच.” बोलता बोलता त्याने बोटाने टेबलावर करवतीचे दात काढले.

“का चढतो?”

“माहीत नाही.”

“कुणाला माहीत असेल?”

“ऑपरेटर काकांना.”

“मग?”

इथे तो गप्प झाला. मीही गप्प राहिले. समुपदेशकाला हे जमावं लागतं, आणि मला ते जमायला बरीच वर्षं लागली. बऱ्याच वेळाने, टेबलाकडे बघतच, तो बोलला.

“कसं विचारणार? म्हणतील, इंजिनिअर व्हायला निघालाय आणि एवढंही कळत नाही. आम्हाला थर्ड इयरला होतं हे. मला आठवत नाही, मॅडम. खरं म्हणजे मला काहीच येत नाही. उद्या कुणी मोठं काम दिलं तर सगळं पितळ उघडं पडेल.”

‘काम देत नाहीत’ म्हणून दोन भेटी भांडलेल्या मुलाला धास्ती काम मिळण्याचीच होती. आकड्यांचा तक्ता कंटाळवाणा होता खरा, पण सुरक्षितही होता. तक्त्याआड बसलेल्याला कुणी प्रश्न विचारत नाही. आणि तक्रार तरी सोयीची केवढी! तीत दोष कायम कंपनीचा.

माझी वाट मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. माणसाला प्रसंग जेवढा छळतो त्याहून जास्त, प्रसंगावर लादलेली स्वतःची मागणी छळते, असं मी मानते. मराठीत ही मागणी एका अक्षरात सापडते. मी त्याला कागदावर एक वाक्य लिहायला सांगितलं: ‘मला हे सगळं यायलाच पाहिजे.’ मग त्यातला ‘च’ खोडायला सांगितला.

त्याने खोडला. ‘मला हे सगळं यायला पाहिजे.’ कागदाकडे बघत राहिला.

“आणि नाही आलं तर?” मी विचारलं.

“तर... विचारावं लागेल.”

‘च’ असताना न येणं हा गुन्हा होता. ‘च’ गेल्यावर ती नुसती एक अडचण उरली. हा प्रयोग मी अनेकांसोबत केलाय आणि दर वेळी तो लागू पडतो असं नाही. त्या दिवशी पडला, याचं समाधान मी लपवणार नाही.

पुढच्या भेटीला तो आला तो बोलतच. काकांनी सांगितलं होतं की इन्सर्टची, म्हणजे टूलला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार झिजते, टूल थोडं कमी कापतं, म्हणून व्यास चढतो. मग ते ऑफसेट देतात, म्हणजे टूल किंचित पुढे सरकवतात, किंवा इन्सर्टचा कोपरा बदलतात, आणि आकडा खाली येतो. पुढे काका म्हणाले, “तू नग निघाल्या निघाल्या मोजतोस. गरम असतो तो. म्हणून तुझा आकडा माझ्यापेक्षा मोठा येतो.”

त्याने घरी हिशोब केला. पंचवीस मिलिमीटरचं स्टील दहा अंशांनी तापलं तर व्यास सुमारे तीन मायक्रॉनने वाढतो. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. म्हणजे एकवीसपैकी तीन मायक्रॉन त्याच्या घाईचे होते, आणि तेही कित्येक दिवस.

“म्हणजे पितळ उघडं पडलं,” मी म्हटलं. “मग काय झालं?”

“काही नाही. काकांनी शाफ्ट ट्रेमध्ये ठेवला. म्हणाले, थांब, गार होऊ दे.”

थर्ड इयरचं आठवत नाही, याची लाज अनेक मुलांना असते. इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली, ती वर्गात सगळं शिकवता येत नाही हे ओळखूनच. टूलची झीज पुस्तकात वाचली होती तेव्हा ती परीक्षेपुरती होती. आता ती त्याच्या तक्त्यात दिसत होती.

किरकोळ कामाबद्दलही एक सांगते. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास केला. तिथले शिकाऊ कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाहीत. आधी बटणं लावणं, कडा दुमडणं, तयार कपड्याला इस्त्री करणं. बेतणं सगळ्यात शेवटी. शेवटच्या टप्प्यावर उभं राहिलं की आधीचे टप्पे उलगडत जातात. तपासणीच्या टेबलावर बसलेला इंटर्न नेमका तिथेच असतो, फक्त आकड्याकडे वळून बघायला हवं.

विचारायचं कसं? आधी थोडा वेळ स्वतः बघा, मग नेमकं काहीतरी घेऊन जा. ‘मला कळत नाही’ला कुणाकडे उत्तर नसतं. ‘इतक्या नगांनंतर व्यास का चढतो’ला असतं. कंपनीसोबतच्या प्रोजेक्टचंही तसंच. मुलं प्रश्नपत्रिकेसारखा आखीव प्रश्न मिळण्याची वाट बघतात. कंपनीकडे तो बहुधा नसतोच, असता तर त्यांनीच सोडवला असता. सुरुवातीलाच एक पानभर लिहा: आम्हाला काय समजलं, आम्ही काय करणार नाही, अडलं तर निर्णय कुणाचा. ते पान कंपनीतल्या मार्गदर्शकांकडून मान्य करून घ्या. आणि त्यांचे आकडे कॉलेजच्या रिपोर्टमध्ये घालण्याआधी परवानगी घ्या, नाहीतर शेवटच्या आठवड्यात रिपोर्ट अडकतो.

हे सगळं करूनही महिनाभर नुसत्या झेरॉक्स काढत असाल, किंवा सुरक्षेचं काही न शिकवता मशीनवर उभं करत असतील, तर त्याला मनाचे व्यायाम लावू नका. कॉलेजच्या गाइडना लेखी कळवा. तिथे मनात ‘च’ असलेला मला चालतो.

शेवटच्या भेटीत आम्ही त्याच्या झोपेबद्दल बोलत होतो. निघताना, बॅग खांद्यावर टाकता टाकता, त्याने सांगितलं की प्रेझेंटेशन झालं. त्याचा करवतीच्या दातांचा आलेख बघून मॅनेजरनी विचारलं, इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला नग दर वेळी कमी का भरतो.

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, माहीत नाही सर. उद्या काकांसोबत बघून सांगतो.” आणि बस चुकेल म्हणून तो पळाला.