स्मरणार्थ नाणी बचत म्हणून घ्यावीत का?

दर महिन्याला शिल्लक राहणाऱ्या रकमेतून मुदत ठेवीऐवजी चांदीची स्मरणार्थ नाणी घेतली, तर दहा-पंधरा वर्षांनी ती बचत म्हणून कामी येतील का, ‘मर्यादित संख्या’ या विक्रेत्याच्या शब्दाला किती महत्त्व द्यावे आणि आधीच घेतलेल्या चार-पाच नाण्यांचे काय करावे, असे आपण विचारले आहे. बचत म्हणून ती घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः नाणी जमवतो आणि या छंदाने मला पुष्कळ आनंद दिला आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्यांनी मोठ्या विश्वासाने जपून ठेवलेली नाणी वारसांनी विकायला काढली आणि हाती आलेली रक्कम पाहून ते गप्प झाले, असे मी इतक्यांदा पाहिले आहे की या प्रश्नाचे मोघम उत्तर देणे मला बरोबर वाटत नाही.

कोणतेही स्मरणार्थ नाणे हातात घेतले की त्याच्या किमतीचे तीन भाग वेगळे करून पाहावेत. पहिला भाग म्हणजे नाण्यावर छापलेले दर्शनी मूल्य, दुसरा त्यातील धातूचे मूल्य आणि तिसरा त्या दोन्हींच्या वर आपण जे काही मोजतो ते. या तिसऱ्या भागात टांकसाळीची घडणावळ, पेटी, प्रमाणपत्र, जाहिरात, विक्रेत्याचा नफा आणि कर असे सगळे येते. नाणे विकायला जाल तेव्हा बहुतेक वेळा हाच भाग नाहीसा होतो, कारण समोरचा व्यापारी नाणे तराजूवर ठेवतो. पेटीच्या मखमलीचे तो काही देत नाही.

हिशेब अगदी सरळ आहे. समजा, आपण नाण्यासाठी १०० मोजले आणि त्यात ६० ची चांदी आहे. उद्याच विकायची वेळ आली आणि व्यापाऱ्याने चांदीचा पूर्ण भाव दिला, तरी ४० गेले. नुसते मुद्दल परत मिळण्यासाठी चांदीचा भाव दोन-तृतीयांशाने वाढावा लागेल. भाव दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढत राहिला, तरी त्याला साडेसात वर्षे लागतात, आणि तोपर्यंत मुदत ठेवीवर व्याज साचत गेलेले असते. प्रत्यक्षात व्यापारी धातूच्या भावातूनही काही कापून घेतो, म्हणजे हा काळ आणखी लांबतो. ज्या नाण्यांत मौल्यवान धातूच नाही, तांबे-निकेलच्या मिश्रधातूवर सोन्याचा मुलामा आहे, त्यांच्या बाबतीत तर हा हिशेब मांडण्याचेही कारण नाही, कारण मुलाम्यातले सोने वजनात धरण्याइतके नसते.

‘मर्यादित संख्या’ या शब्दाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक लोक फसतात ते इथेच. संख्या मर्यादित असणे आणि नाणे दुर्मीळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते विकत घेऊ पाहणारे किती आहेत, हे त्या संख्येशेजारी ठेवल्याखेरीज तिला अर्थ येत नाही. दहा हजार नाणी पाडली आणि पुढे ती हवी असणारे दोन हजारच असले, तर भाव पडणारच. शिवाय स्मरणार्थ नाणे बहुतेक सर्व घरांत जपूनच ठेवले जाते. रोजच्या व्यवहारातली जुनी नाणी झिजली, हरवली, वितळवली गेली, म्हणून त्यांतली चांगल्या स्थितीतली थोडी नाणी मौल्यवान ठरली. जपण्यासाठीच पाडलेल्या नाण्यांच्या बाबतीत अशी छाटणी फारशी होत नाही. ब्रिटनमध्ये १९६५ साली चर्चिल यांच्या स्मरणार्थ निघालेली ‘क्राउन’ नावाची मोठी नाणी १ कोटी ९० लाखांहून अधिक होती, आणि १९८१ च्या राजपुत्र चार्ल्स व डायना यांच्या विवाहाची २ कोटी ५० लाखांहून अधिक. असंख्य कुटुंबांनी ती ‘पुढे भाव येईल’ म्हणून ठेवली. आजही तांबे-निकेलची ही साधी नाणी किरकोळ किमतीला मिळतात. ही गोष्ट फार जुनी आहे. शिकागोत भरलेल्या कोलंबियन जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकेने १८९२ आणि १८९३ मध्ये अर्ध्या डॉलरची नाणी काढून ती एका डॉलरला, म्हणजे दर्शनी मूल्याच्या दुप्पट किमतीला, विकायला ठेवली. ती मोठ्या संख्येने उरली आणि त्यांतली पुष्कळशी शेवटी अर्ध्या डॉलरच्याच भावाने चलनात सोडावी लागली.

अपवाद आहेत, हे मान्य केले पाहिजे. युरोपातल्या मोनॅको या छोट्या देशाने २००७ साली आपल्या दिवंगत राजवधू, पूर्वीच्या हॉलिवूड अभिनेत्री ग्रेस केली यांच्या स्मरणार्थ काढलेले दोन युरोचे नाणे सुमारे २० हजारच होते आणि आज त्याला दर्शनी मूल्याच्या कित्येक पट किंमत मिळते. लंडनमधल्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानावरचे ब्रिटनचे २००९ चे ५० पेन्सचे नाणेही असेच. त्यातली सुमारे २ लाख १० हजार नाणी चलनात आली आणि संग्राहक आता त्यासाठी मोठी रक्कम देतात. मात्र क्यू गार्डन्सचे नाणे ज्यांना लाभले, त्यांतल्या अनेकांना ते सुट्ट्या पैशांत ५० पेन्सलाच मिळाले होते. त्यांनी वरची किंमत मोजलेलीच नव्हती. ‘गुंतवणूक’ म्हणून जाहिरात करून विकलेल्या नाण्यात भाववाढीची आशा विक्रेत्याने आधीच किमतीत धरलेली असते.

दर्शनी मूल्याचा आधार तरी आहे ना, असे आपल्याला वाटेल. तो आधार खरा आहे, पण तो वाढत नाही. महागाई त्याला दरवर्षी कुरतडते, आणि अनेक देशांत संग्राहकांसाठी काढलेली नाणी बँका काउंटरवर घ्यायला तयार नसतात. दर्शनी मूल्य धातूपेक्षा फार जास्त ठेवले तर निराळाच धोका उभा राहतो. जपानने १९८६ मध्ये सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षानिमित्त १ लाख येनचे सोन्याचे नाणे काढले. त्यात २० ग्रॅम सोने होते आणि त्या सोन्याची किंमत दर्शनी मूल्याच्या निम्म्याहूनही कमी होती. खऱ्या सोन्याची बनावट नाणी पाडूनही भरपूर नफा उरत होता, आणि १९९० मध्ये अशी एक लाखाहून अधिक नाणी उघडकीस आली.

धातूच साठवायचा असेल, तर त्यासाठी वेगळी नाणी असतात. दक्षिण आफ्रिकेचे १९६७ पासूनचे क्रुगररँड, कॅनडाचे १९७९ पासूनचे मेपल लीफ, अमेरिकेचे १९८६ पासूनचे ईगल ही नाणी धातूच्या भावावर थोडीशी घडणावळ आकारून विकली जातात आणि जवळजवळ त्याच भावाने परत घेतली जातात. तरीही धातूला मुदत ठेवीइतके स्थिर समजू नये. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला सुमारे ५० डॉलरपर्यंत गेली आणि मार्चअखेर ११ डॉलरच्या खाली आली. त्याच जानेवारीत औंसाला ८५० डॉलरला पोहोचलेले सोने पुन्हा त्या पातळीवर यायला २००८ साल उजाडले. त्या काळातली महागाई धरली, तर तोटा किती मोठा होता ते लक्षात येईल.

आपला मोह आवरत नसेल, तर खरेदीपूर्वी एक चौकशी जरूर करा. त्याच मालिकेतले तीन-चार वर्षांपूर्वीचे नाणे विक्रेत्याला सोडून दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याला दाखवा, किंवा त्याचे नुसते वर्णन सांगा, आणि आज ते किती रुपयांना परत घ्याल, असे विचारा. संकेतस्थळांवर लोकांनी मागितलेल्या किमती पाहू नका. लिलावात प्रत्यक्ष पूर्ण झालेल्या विक्रीच्या किमती पाहा. बऱ्याचदा असे दिसेल की जुने नाणे नव्यापेक्षा स्वस्त, कधी कधी धातूच्या भावाच्या आसपास मिळते आहे. छंद म्हणून घ्यायचेच असेल, तर तेच घ्यावे, आणि तेही करमणुकीच्या खर्चातून.

आपल्याकडे असलेली नाणी मात्र घाईने विकू नका. दरमहा नवे नाणे पाठवण्याची योजना सुरू असेल, तर ती आधी बंद करा. प्रत्येक नाण्याचा धातू, शुद्धता, वजन आणि खरेदीची किंमत एका वहीत लिहा आणि ती वही कुठे आहे हे घरातल्यांना सांगून ठेवा. चांदी काळवंडली किंवा तिच्यावर पांढुरके डाग आले, तरी कोणत्याही पावडरीने घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक सहसा हात लावत नाहीत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवली असतील, तर ती बाहेर काढा, कारण त्या प्लास्टिकमधून सुटणाऱ्या द्रव्यामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. मूळ पेटी आणि प्रमाणपत्र सांभाळा, आणि विकायची वेळ येईल तेव्हा निदान तीन ठिकाणी भाव विचारून मगच नाणी हातावेगळी करा.