बारावीला गणित नव्हतं. बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरमधल्या रेमेडियल मॅथ्सचा पुढे खरंच उपयोग होतो का?

मीही जीवशास्त्रवालाच. गणिताशी कायमची फारकत झाली असं समजून बी.फार्मला आलो, तर ते पहिल्याच सेमिस्टरला दारात उभं! उपयोग होतो, पण सगळ्या धड्यांचा सारखा नाही.

काउंटरवर लागतं ते शाळेतलं त्रैराशिक. १० किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मि.ग्रॅ. लिहिलंय, म्हणजे एका वेळी १५० मि.ग्रॅ. सिरप ५ मि.लि.ला १२५ मि.ग्रॅ.चं असेल तर ६ मि.लि. द्यायचं, २५० चं असेल तर ३. लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मि.लि.तच १०० मि.ग्रॅ. असतं, तिथे दीड मि.लि. पुरे. अ‍ॅड्रेनॅलिन १:१००० म्हणजे मि.लि.ला १ मि.ग्रॅ., आणि १:१०,००० म्हणजे ०.१. इथे एका शून्याची चूक दहापट डोस देऊन बसते. ही गणितं कॅल्क्युलेटरशिवाय जमली पाहिजेत.

पण खरी मेख लॉगरिदममध्ये आहे. तिसऱ्या वर्षी फार्मकॉलॉजीच्या व्हायव्हात मला विचारलं, “औषधाची हाफ-लाइफ ४ तास, मग ८ तासांनी किती उरेल?” मी ठासून सांगितलं, “काहीच नाही.” परीक्षक नुसतेच हसले. उरतं पाव! दर चार तासांनी जे असेल त्याचं निम्मं होतं: १००, ५०, २५, १२.५... पाच हाफ-लाइफनंतरही साधारण ३ टक्के शिल्लक असतं. नियमित डोस सुरू केल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायलाही जवळपास तेवढाच काळ लागतो. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची हाफ-लाइफ दीड-दोन दिवसांची, म्हणून त्याला आठवडाभर थांबावं लागतं.

हा उतार साध्या आलेखावर वक्र दिसतो, लॉग घेतला की सरळ रेषा. तिच्या चढावरून के, म्हणजे औषध घटण्याचा दर, काढा; ०.६९३ भागिले के म्हणजे हाफ-लाइफ. फर्स्ट ऑर्डरने, म्हणजे जेवढं उरलंय त्याच्या प्रमाणात, खराब होणाऱ्या औषधाची शेल्फ लाइफही तशीच, फक्त तिथे १० टक्केच घट चालते म्हणून ०.१०५ भागिले के.

इंटिग्रेशन म्हणजे रक्तपातळीच्या वक्राखालचं क्षेत्रफळ, प्रत्यक्षात समलंब चौकोनांची बेरीज. जेनेरिक औषध मूळ औषधाच्या तोडीचं आहे का, हे त्यावरून ठरवतात. त्यातली मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्के ही मर्यादा मला कितीतरी दिवस लंगडी वाटायची: खाली २० आणि वर २५ का? लॉग घेऊन बघा, १०० पासून दोन्ही टोकं सारख्याच अंतरावर येतात.

पार्शल फ्रॅक्शन, मॅट्रिक्स परीक्षेपुरते करा. लाप्लास ट्रान्सफॉर्मची आठवण टू-कंपार्टमेंट मॉडेलला (शरीराचे दोन कप्पे मानून औषधाचा हिशेब करतात तिथे) येईल, पण तिथे सूत्र तयार मिळतं.

आणि कॅल्क्युलेटरवर लॉग आणि एलएन ही दोन वेगळी बटणं आहेत. एलएन हा लॉगच्या २.३०३ पट असतो. माझे निम्मे मार्क तिथेच गेले होते.